रूट ६६: नंबर गेला, रस्ता उरला

ऑडिओ वर प्लेअरमध्ये आहेच. पण लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं असं तुमच्यातले बरेच जण कळवतात, म्हणून हा लिखित भाग. बोलताना झालेले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत, बाकी मजकूर बोललो तसाच.

तर आज रस्त्याची गोष्ट. पिक्सारचा 'कार्स' तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाहिला असेल. २००६ चा सिनेमा. लायटनिंग मॅक्वीन नावाची लाल रेसिंग कार रस्ता चुकते आणि रेडिएटर स्प्रिंग्ज नावाच्या एका पेंगुळलेल्या गावात येऊन अडकते. त्यात मध्येच एक शांत सीन आहे. सॅली त्याला डोंगरावर घेऊन जाते आणि वरून दाखवते की लांबवर नवा हायवे आहे, त्यावरून गाड्या सुसाट चालल्यात आणि त्यातल्या कुणालाच कल्पना नाही की इथे खाली एक गाव आहे. लहानपणी तो सीन आपल्याला कंटाळवाणा वाटलेला असतो. मोठेपणी बघा, सगळा सिनेमा तिथेच आहे.

ते गाव काल्पनिक आहे, पण तो रस्ता खरा आहे. यू. एस. हायवे ६६, म्हणजेच रूट ६६. इलिनॉयमधलं शिकागो ते कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका, २,४४८ मैल, आपल्या हिशोबात साधारण ३,९४० किलोमीटर. आठ राज्यं. त्यातलं कॅन्सस तर नावापुरतंच, जेमतेम २१ किलोमीटर. ११ नोव्हेंबर १९२६ ला हा रस्ता अधिकृत झाला, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये त्याची शंभरी.

आता पहिला प्रश्न, ६६ च का? मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण ही शुद्ध नेमिंग कन्व्हेन्शनची मारामारी आहे. आमच्या ऑफिसात व्हेरिएबलच्या नावावरून होते, तशीच.

१९२० च्या आसपास अमेरिकेत रस्त्यांना नंबर नव्हते, नावं होती. खासगी संघटना एखादा मार्ग ठरवायच्या, खांबांवर रंगीत पट्टे ओढायच्या आणि गावांकडून पैसे घेऊन त्यांना त्या मार्गावर 'बसवायच्या'. एकाच रस्त्यावर तीन-तीन संघटनांचे पट्टे. गोंधळ नुसता! मग १९२५ मध्ये केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांचं एक मंडळ बसलं आणि देशभरासाठी आकड्यांची पद्धत ठरली. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते विषम, पूर्व-पश्चिम जाणारे सम, आणि देश आडवा ओलांडणाऱ्या मुख्य रस्त्यांच्या शेवटी शून्य.

या कामात सायरस एव्हरी नावाचा एक माणूस होता. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातला व्यावसायिक. त्याने शिकागोहून निघणारा रस्ता सरळ पश्चिमेला न नेता खाली वाकवला, टल्सा आणि ओक्लाहोमा सिटीतून काढला आणि मग लॉस एंजेलिसला नेला. यात गावचा स्वार्थ होता का? होताच. पण तांत्रिकदृष्ट्याही मुद्दा बरोबर होता. खालच्या बाजूने गेलं की रॉकी पर्वतातले उंच घाट टळतात आणि हिवाळाही जरा सौम्य मिळतो.

या रस्त्याला नंबर मिळाला ६०. आणि केंटकी राज्याचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स भडकले. शून्यवाला एकही रस्ता त्यांच्या राज्यातून जात नव्हता. आणि आकड्यांचा क्रम बघितला तर ६० हा खरं तर व्हर्जिनियाहून केंटकीमार्गे जायला हवा होता. म्हणजे नियमाने त्यांचं म्हणणं बरोबर होतं, एव्हरीनेच पद्धत मोडली होती. काही महिने पत्रं, तारा, रुसवेफुगवे चालले. एव्हरीला ६२ देऊ केला, तो त्याला पसंत नाही. शेवटी ३० एप्रिल १९२६ ला मिझुरीतल्या स्प्रिंगफील्ड गावी बैठक झाली, तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की ६६ अजून कुणालाच दिलेला नाही. लगेच वॉशिंग्टनला तार गेली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध रस्त्याचा नंबर हा असा, उरलेला होता म्हणून मिळालेला.

बरं, नंबर मिळाला म्हणून रस्ता झाला असं नाही. बराचसा भाग कच्चाच होता. ओक्लाहोमात मायामी आणि ॲफ्टन या गावांच्या मध्ये १९२२ मध्ये बांधलेला एक तुकडा होता, त्याची रुंदी ९ फूट! समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक चाक मातीत उतरवायचं. याचे अवशेष आजही बघायला मिळतात. पूर्ण रस्ता पक्का व्हायला १९३८ उजाडलं.

तोवर प्रसिद्धी मात्र जोरात. १९२८ मध्ये लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पायी धावण्याची शर्यत ठेवली, त्यातला शिकागोपर्यंतचा टप्पा याच रस्त्यावरून. सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. १९९ जण निघाले, ५५ पोचले. जिंकला अँडी पेन, ओक्लाहोमातला चेरोकी जमातीचा २० वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. ८४ दिवस. बक्षीस २५,००० डॉलर, आणि त्यातून त्याने काय केलं, तर घरच्या शेतावरचं कर्ज फेडलं.

शेतावरचं कर्ज. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढच्या दहा वर्षांत ओक्लाहोमातल्या बहुतेकांकडे फेडायला अँडी पेनसारखं बक्षीस नव्हतं.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात मैलोन् मैल गवताळ जमीन होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले, लोकांनी ते गवत नांगरून टाकलं. गवताची मुळं माती धरून ठेवत होती, ती गेली. मग १९३० नंतर भाव पडले, मंदी आली आणि त्याच सुमाराला पाऊसही गेला. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तिथे 'काळा रविवार' म्हणतात, भर दुपारी अंधार झाला होता. त्यात कुळाने जमीन कसणारे जे होते त्यांचा वेगळाच प्रश्न. मालकाने एक ट्रॅक्टर घेतला की अनेक कुटुंबांची गरज संपली.

हे सगळे लोक काय करणार? गाडीवर गाद्या, भांडी, म्हातारी माणसं चढवली आणि पश्चिमेला निघाले. आणि दारातून जाणारा रस्ता कुठला? ६६. जॉन स्टाइनबेकने १९३९ मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी लिहिली ती अशाच एका कुटुंबावर, आणि त्यात या रस्त्याला 'मदर रोड' म्हटलं. आज टी-शर्टवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर हे नाव छापलेलं असतं, पण ते आलंय स्थलांतरितांच्या हालांमधून. ते विकत घेताना आठवलं तर बरं.

कॅलिफोर्नियात त्यांचं स्वागत झालं का? ऐका. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपल्या शहराचे १३६ पोलीस शेकडो किलोमीटर लांब, राज्याच्या सीमेवर पाठवले. काम एकच, खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवायचं. हे सगळे अमेरिकेचेच नागरिक, स्वतःच्याच देशात! 'ओकी' ही तेव्हा शिवी झाली होती. गरीब माणसाला राज्यात आणणं हाच गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला १९४१ मध्ये. परप्रांतीयांवरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास वाचावा.

मग युद्ध आलं, लष्कराच्या ट्रकांच्या रांगा लागल्या. युद्ध संपल्यावर पेट्रोलचं रेशनिंग उठलं, लोकांकडे पैसे आणि गाड्या आल्या आणि सुरू झाला तो काळ ज्याचे फोटो आपण पिंटरेस्टवर बघतो. निऑनच्या पाट्या, मोटेल, मिल्कशेक. १९४६ मध्ये बॉबी ट्रूपने या रस्त्यावर गाणं लिहिलं आणि ते गायलं नॅट किंग कोलने. तुम्ही एखादं तरी व्हर्जन नक्की ऐकलं असेल, कारण ते पुढे पुष्कळ जणांनी गायलं.

इथे थांबू या जरा. नॅट किंग कोल कृष्णवर्णीय होता. ज्या रस्त्यावर मजा करा असं तो गात होता, त्या रस्त्यावरच्या कित्येक मोटेलांमध्ये त्याला खोली मिळाली नसती. वाटेत अशी गावं होती जिथे सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीयांनी थांबायचंच नाही. 'सनडाउन टाउन' म्हणायचे. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या हार्लेममधले एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन, यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढली. कुठे झोपता येईल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल भरता येईल, याची यादी. आज आपण फोनवर रेटिंग बघून हॉटेल निवडतो. त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे जिवाचा प्रश्न होता. ओक्लाहोमात लूथर गावाजवळ थ्रेट फिलिंग स्टेशन नावाचा एक छोटा दगडी पेट्रोल पंप आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचा. जुन्या फोटोंमधल्या गुलाबी कॅडिलॅकपेक्षा मला तो पंप जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि नॅट किंग कोलचं पुढे काय झालं? १९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या उच्चभ्रू वस्तीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी विरोध केला. गाणं हिट होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

आता रस्ता संपला कसा ते बघू. १९१९ मध्ये अमेरिकन लष्कराचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. पोचायला ६२ दिवस लागले. त्या ताफ्यात एक तरुण अधिकारी होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे युद्धात त्याने जर्मनीचे ऑटोबान बघितले. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटरचं जाळं. हो, आकडा ६६ च येतो, निव्वळ योगायोग.

इंटरस्टेट आणि जुना हायवे यात फक्त रुंदीचा फरक नसतो. जुना रस्ता गावाचा मुख्य बाजार असायचा. सिग्नलला थांबलात की शेजारी न्हाव्याचं दुकान, समोर खानावळ. इंटरस्टेटला सिग्नल नाही, चौक नाही, मधूनच वळायची सोय नाही. ठरावीक ठिकाणी एक्झिट. गाव एक्झिटपासून तीन किलोमीटर आत असेल तर ते गाव प्रवाशासाठी नसल्यात जमा. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि एक्सप्रेसवे दोन्हींवरून गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या रस्त्याला लोक 'ब्लडी ६६' म्हणायचे. अरुंद लेन, आंधळी वळणं, समोरासमोर टक्करी. नवा रस्ता हवाच होता. जुनं ते सगळं सोनं म्हणणारे लोक या गोष्टीवर गप्प बसतात.

शिकागो ते लॉस एंजेलिस हे काम आय-५५, आय-४४, आय-४०, आय-१५ आणि आय-१० अशा पाच रस्त्यांनी मिळून वाटून घेतलं. एकेक तुकडा बायपास होत गेला. शेवटचं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४. आणि २७ जून १९८५ ला ६६ हा नंबर यादीतून काढून टाकला. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी डेप्रिकेटेड, मग डिलीट.

सेलिगमन. ॲरिझोनातलं छोटं गाव. २२ सप्टेंबर १९७८ ला इथला बायपास सुरू झाला. गावातले न्हावी एंजल डेल्गाडिलो सांगतात की त्या दिवसापर्यंत रस्ता ओलांडायला वाट बघावी लागायची आणि त्यानंतर रस्ता ओसाड. दुकानं बंद, तरुण पोरं गावाबाहेर. पुढची नऊ वर्षं अशीच गेली. मग १९८७ मध्ये डेल्गाडिलो आणि आजूबाजूच्या गावांतल्या काही जणांनी मिळून संघटना काढली आणि राज्य सरकारच्या मागे लागले की रस्ता नाही तर नाही, निदान त्याला 'ऐतिहासिक' असा दर्जा द्या, पाट्या लावा. सरकारने ऐकलं. सेलिगमन ते किंगमन हा टप्पा 'हिस्टॉरिक रूट ६६' झाला. इतर राज्यांतही तशाच संघटना उभ्या राहिल्या. १९९९ मध्ये तर हा रस्ता जपण्यासाठी केंद्राचा कायदाच आला. हे सगळं एका केशकर्तनालयातून सुरू झालं. 'कार्स'चा दिग्दर्शक जॉन लॅसेटर माहिती गोळा करायला निघाला तेव्हा याच न्हाव्याशी बोलला होता, आणि बायपासच्या त्या दिवसाची गोष्ट सिनेमात आली ती तिथून.

आता वाटेत बघण्यासारखं काय आहे ते. सगळं सांगत बसलो तर तीन एपिसोड होतील, म्हणून मला आवडलेलं तेवढंच.

इलिनॉय संपता संपता मिसिसिपी नदीवर चेन ऑफ रॉक्स पूल लागतो, १९२९ चा. दीड किलोमीटरहून लांब आणि मधोमध चक्क वळण! नदीतल्या पाणी खेचणाऱ्या बुरुजांना चुकवून बोटींना नीट जाता यावं म्हणून तो वाकवला. आता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना.

मिझुरीत मेरामेक केव्हर्न्स नावाच्या गुहा आहेत. गुहा सुंदर आहेतच, पण मालक लेस्टर डिलची मार्केटिंगची डोकॅलिटी बघा. शेतकऱ्यांना म्हणायचा, तुमचं कोठार फुकट रंगवून देतो, फक्त त्यावर माझी जाहिरात राहू दे. आणि गुहा बघायला आलेल्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या असताना त्यांच्या बंपरला जाहिरातीच्या पाट्या बांधायची पोरं ठेवली होती. थोडक्यात, पॉप-अप ॲड, परवानगी न घेता.

कॅन्ससमधल्या गलेना गावात एक जुना गंजलेला टो ट्रक आहे, त्यावरून 'कार्स'मधला मेटर सुचला. ओक्लाहोमातल्या कटूसात तळ्याकाठी ८० फुटी निळा देवमासा आहे, सिमेंटचा. ह्यू डेव्हिस यांच्या बायकोला देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद होता, तर त्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला थेट हा बांधून दिला. नवरेमंडळी, दबाव घेऊ नका.

टेक्सासमध्ये अमरिलोजवळ शेतात दहा कॅडिलॅक गाड्या नाक खुपसून उभ्या पुरल्यात. १९७४ मध्ये 'अँट फार्म' नावाच्या कलाकारांच्या गटाने केलेलं काम. कुणीही यावं, स्प्रे पेंट मारून नाव लिहावं, उद्या दुसरा त्यावर रंग मारणार. इतके थर चढलेत की गाड्या फुगल्यासारख्या दिसतात. तिथेच बिग टेक्सन नावाचं हॉटेल, जिथे ७२ औंसांचा, म्हणजे दोन किलोचा स्टेक सोबतच्या पदार्थांसकट एका तासात संपवला तर फुकट. हे हॉटेल १९६० मध्ये ६६ वर सुरू झालं होतं, पण मालकाने वेळीच ओळखलं आणि १९७० मध्ये हॉटेलच उचलून आय-४० वर नेलं. ज्यांना हे परवडलं नाही, ते ग्लेनरियोला दिसतात. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं रिकामं गाव. मोटेलची मोडकी पाटी, छप्पर नसलेला पंप आणि मागे आय-४० वरच्या ट्रकांचा सतत आवाज. ग्लेनरियोच्या थोडं अलीकडे एड्रियन, बरोबर अर्धी वाट. 

न्यू मेक्सिकोत टुकुमकारीचं ब्लू स्वॅलो मोटेल, १९३९ चं, प्रत्येक खोलीला शेजारी स्वतःचं गॅरेज. रात्री पोचा, निऑन पेटल्यावर. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट, जिथे झाडांचा दगड झालाय. मग हॉलब्रूकचं विगवॅम मोटेल, सिमेंटच्या पंधरा तंबूंमध्ये खोल्या. 'कार्स'मधलं कोझी कोन मोटेल यावरूनच घेतलंय. फोटो भारी येतात, पण एक सांगतो, ते विगवॅम नाहीतच. तो आकार टिपीचा, आणि टिपीत राहणाऱ्या जमाती मधल्या गवताळ मैदानांतल्या, ॲरिझोनातल्या नव्हेत. म्हणजे राजस्थानी थीमच्या ढाब्यात कोकणातलं कौलारू घर बांधावं तसं.

अशाच तंबूंचं दुसरं मोटेल कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला आहे. पार मोडकळीला आलं होतं. २००३ मध्ये एका भारतीय वंशाच्या, गुजराती कुटुंबाने ते विकत घेतलं आणि दुरुस्त करून पुन्हा नावारूपाला आणलं. हे अपवाद नाहीत. अमेरिकेतली जवळजवळ निम्मी मोटेलं भारतीयांकडे, त्यातही मोठ्या प्रमाणावर पटेलांकडे आहेत. बायपासमुळे जी मोटेलं कवडीमोलाने विकली जात होती, ती सत्तर-ऐंशीच्या दशकात या कुटुंबांनी घेतली, मागच्या खोलीत स्वतः राहिले, चादरी स्वतः धुतल्या. तेव्हा काही गोऱ्या मालकांनी आपल्या दारावर 'अमेरिकन ओन्ड' अशा पाट्या लावल्या होत्या. ओकी, मग ग्रीन बुकवाले, मग पटेल. रस्ता तोच.

शेवटी जायचा विचार असणाऱ्यांसाठी कामाचं. गुगल मॅप्सवर शिकागो ते सांता मोनिका टाकलंत तर तो तुम्हाला मुकाट इंटरस्टेटवर नेणार. म्हणून मध्ये थांबे स्वतः टाकायचे: पाँटियाक, गलेना, शॅमरॉक, टुकुमकारी, सेलिगमन, ओटमन असे. जुना रस्ता बहुतांश अजून चालू आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. सलग मोठा पट्टा हवा असेल तर ॲरिझोनात सेलिगमनपासून कोलोरॅडो नदीकाठच्या टोपॉकपर्यंत साधारण २५० किलोमीटर. त्यात ओटमनच्या रस्त्यावर गाढवं आडवी येतील. खाणकामगार सोडून गेले त्यांच्या गाढवांची ही पिल्लावळ, आणि गाडीच्या खिडकीत तोंड घालायला कमी करत नाहीत. पूर्ण प्रवासाला दोन आठवडे तरी काढा. जुलैत मोहावी वाळवंट भाजून काढतं आणि जानेवारीत फ्लॅगस्टाफला बर्फ असतो, तेव्हा एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

आणि हो, वाटेत ६६ ची पाटी शोधत बसू नका, खाली बघा. लोक पाट्या आठवण म्हणून चोरून न्यायचे, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती ढाल आता डांबरावरच रंगवून टाकलीय.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत 'कार्स' परत एकदा बघून ठेवा, आणि तो डोंगरावरचा सीन पुढे ढकलू नका.